सूर्या बोनाली: पंचांनी डावललं की स्केटिंगच कमी पडलं?

हिमगौरी: फ्रान्सची फिगर स्केटर सूर्या बोनाली 1991 ते 1995 सलग 5 वेळा युरोपियन विजेती. 1993 ते 1995 जागतिक स्पर्धेत सलग 3 रौप्यं. ऑलिंपिक पदक एकही नाही. 1994 च्या जागतिक स्पर्धेत जपानात, चिबाला, युका साटोकडून पंचांच्या 5-4 अशा कौलाने हरली, तेव्हा रडत रडत पदक गळ्यातून काढलं होतं तिने. माझं स्पष्ट मत: नाजूक, गोरी परी हवी असलेल्या पंचांना ही दणकट कृष्णवर्णीय मुलगी पचलीच नाही.

तिरकस तात्या: मग युरोपातली 5 सुवर्णं काय आकाशातून पडली? ती पंचांनीच दिली ना? आणि 1986 ची जगज्जेती डेबी थॉमसही कृष्णवर्णीयच. बोनाली मूळची टम्बलिंगवाली, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्यांची. उड्या जबरदस्त, पण मधलं स्केटिंग? ब्लेडच्या कडेवर झुकून लांब सरकणं कमी, पुढच्या उडीसाठी धावणंच जास्त. 1992 ला आल्बेरव्हिल ऑलिंपिकला क्वाड (हवेत चार फेऱ्यांची उडी) मारायला गेली, तेही पूर्ण फिरलं नाही.

हिमगौरी: तेव्हा क्वाडच्या वाटेला जाणाऱ्या बायका होत्या किती, तात्या? शिवाय 6.0 पैकी गुण देण्याच्या जुन्या पद्धतीत फ्री स्केटिंगला (स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब भागाला) एखाद्या पंचाकडून दोघींना तांत्रिक आणि सादरीकरणाच्या गुणांची सारखी बेरीज मिळाली, की सादरीकरणाचे गुण बघून नंबर लागायचा. म्हणजे शेवटी आवड-नावडच.

चकली: तात्यांना +१. पदक काढणं तर मुळीच पटलं नाही. साटो स्वतःच्या देशात जिंकली होती, तिच्या आनंदावर विरजण.

रानवारा: आणि नागानो ऑलिंपिक 1998? अकिलीसच्या (टाचेमागच्या स्नायुबंधाच्या) दुखापतीतून परतलेली, लघु कार्यक्रमानंतर, म्हणजे पहिल्या छोट्या भागानंतर 6वी. फ्री स्केटमध्ये सरळ बॅकफ्लिप (हवेत मागे उलटी कोलांटी) मारला आणि एका पायावर उतरली! 1976 नंतर बंदी होती त्याच्यावर. शेवटी 10वी आली, पण तिच्या पुढच्या नऊजणींची नावं सांगा बघू न शोधता. 2024 ला ती बंदी उठलीसुद्धा.

तिरकस तात्या: 2024 ला उठली म्हणून 1998 चा नियम रद्द होत नाही हो. उडी मलाही आवडते. पण ती आम्हा प्रेक्षकांसाठी होती, गुणांसाठी नव्हे.

हिमगौरी: नागानो सोडा. चिबाचं तिचं फ्री स्केट पुन्हा बघा, मग बोलू.

तिरकस तात्या: आत्ताच बघितलं, दोघींचं. साटोच.