घरचे सगळे: आयर्लंडला पुन्हा का विचारलं?

छोटी: उद्या वर्गात मला लिस्बन करारावर, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार कसा चालावा हे ठरवणाऱ्या करारावर बोलायचंय. १२ जून २००८ ला आयर्लंडमध्ये ५३.४ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं. २ ऑक्टोबर २००९ ला तोच करार पुन्हा मतदानाला. 'हो' येईपर्यंत विचारायचं, ही कसली लोकशाही? दादा, तू तेव्हा डब्लिनलाच होतास ना?

नानाकाका: लोकशाही नाहीच ती. निकालाच्या दिवशीच संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो म्हणाले, करार जिवंत आहे, बाकीच्यांनी मंजुरी चालू ठेवावी. पुढच्या महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी म्हणाले, आयरिशांना पुन्हा मत द्यावं लागेल. अरे, संघातल्या सगळ्या २७ देशांची मंजुरी हवी असा नियम त्यांचाच ना? मग एकाने नाही म्हटलं की विषय संपायला हवा.

दादा (डब्लिन): होतो. मत नव्हतं, नागरिकत्व नंतर मिळालं. 'कळत नसेल तर नको म्हणा' हा तेव्हाचा प्रचार. आणि कळणार कसं? करार म्हणजे जुन्या करारांतल्या दुरुस्त्यांची जंत्री. पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांनीच कबूल केलं की तो अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही.

माईआत्या: मग लोकांचं काय चुकलं? न वाचता सही करायची नाही, हे आम्हाला अण्णांनी लहानपणीच शिकवलं.

दादा (डब्लिन): नाहीच चुकलं, आत्या. सरकारने नंतर पाहणी केली, त्यातही 'समजलंच नाही' हे मोठं कारण निघालं. शिवाय धास्ती होती: युरोपीय आयोगातला आपला आयुक्त जाईल, तटस्थता जाईल, गर्भपाताचा कायदा आणि कंपन्यांवरचा कर बाहेरून ठरेल. कॉवेन यांनी ब्रसेल्सहून, म्हणजे संघाकडून, यावर लेखी हमी आणली, आयुक्तही राखला. मग दुसरं मतदान.

नानाकाका: करारातला एक शब्द तरी बदलला?

दादा (डब्लिन): नाही काका. हमी वेगळी दिली, करार तोच. आणि मधल्या काळात बँका कोसळल्या, आमच्या टीममधल्या चौघांची नोकरी गेली. दुसऱ्या वेळचे ६७.१ टक्के त्या भीतीतूनही आले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

छोटी: म्हणजे काकांचंच बरोबर?

दादा (डब्लिन): अर्धं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. २००५ मध्ये फ्रान्सने ५४.७ टक्क्यांनी आणि तीन दिवसांनी नेदरलँड्सने ६१.५ टक्क्यांनी युरोपीय संघाची प्रस्तावित राज्यघटना फेटाळली. त्यातलं बरंचसं लिस्बनमध्ये आलं आणि तिथल्या नेत्यांनी ते संसदेतून मंजूर करून टाकलं. आयरिशांकडे निदान परत यावं लागलं. तेही कुणाच्या मेहेरबानीने नाही. क्रॉटी नावाच्या एका अर्थतज्ज्ञाने सरकारवर खटला भरला आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला, म्हणून असे करार तिथे लोकांपुढे जातात.

नानाकाका: फ्रान्सचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. छोटे, उद्या सुरुवात तिथूनच कर.

छोटी: हो काका. दादा, तो क्रॉटीचा खटला नीट सांगशील? फोनवर?

दादा (डब्लिन): तुमच्या साडेनऊला करतो. वही घेऊन बस.