मदत हवी आहे: नाशिकहून मुंबईच्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून अर्ज, फर्मांची तुलना कशी करावी?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. पाच वर्षांच्या एलएलबीचं चौथं वर्ष संपत आलंय. कॉलेज नाशिकचं, विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे. कॉलेजात फर्मा भरतीला येत नाहीत, म्हणजे जे काही करायचं ते बाहेरून अर्ज करूनच. आतापर्यंत जिल्हा न्यायालयात वकिलांकडे चार आठवडे आणि अंबडच्या एका कंपनीच्या लीगल खात्यात चार आठवडे झालेत. एक मूट (सराव खटल्याची स्पर्धा), छापील लेख शून्य.

विचारायचंय ते असं. असेसमेंट इंटर्नशिपसाठी अर्ज किती आधी आणि कसा पाठवायचा? दहा-बारा फर्मांची नावं समोर आहेत, सगळ्यांच्या वेबसाइटवर तेच ते लिहिलंय, मग तुलना कशावर करायची? आणि सॉलिसिटरची आर्टिकलशिप आज करण्यात अर्थ आहे का?

डेटारूम

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडमध्ये 'ट्रेनी' म्हणजे सॉलिसिटर होण्याआधीची दोन वर्षं. आपल्याकडे त्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात: साधी इंटर्नशिप, नोकरी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी घेतलेली असेसमेंट इंटर्नशिप, आणि पदवीनंतरचं ट्रेनी असोसिएटचं पद. तुमच्यासारख्यांना दार उघडतं ते दुसऱ्यातून. त्यामुळे मेलमध्ये 'इंटर्नशिप' एवढंच लिहून थांबू नका. 'असेसमेंट इंटर्नशिप, पदवी अमुक वर्षी' असं विषयाच्या ओळीतच यायला हवं. नाहीतर तुम्ही साध्या यादीत जाता आणि महिनाभर राबून प्रमाणपत्र घेऊन घरी येता.

वेळ: मे-जून आणि डिसेंबर या सुट्ट्यांच्या जागा सगळ्यात आधी भरतात. निदान चार महिने आधी अर्ज करा आणि दोन पर्यायी तारखा द्या. सुट्टीबाहेरचा महिना मागितला तर गर्दी कमी, पण तिथे हजेरी आडवी येते. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. फर्म मात्र असेसमेंटला बऱ्याचदा सहा-आठ आठवडे मागते. म्हणून आधी कॉलेजकडून लेखी ना-हरकत घ्या आणि चार-चार आठवड्यांचे दोन तुकडे चालतील का, हे फर्मच्या एचआरला सुरुवातीलाच विचारा. ऑफर हातात आल्यावर प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहण्यापेक्षा हे बरं.

अर्ज: ज्या फर्मचा ऑनलाइन फॉर्म आहे तिथे फॉर्मच भरा. तिथल्या पार्टनरला वेगळा मेल टाकला तर तो एचआरकडेच ढकलला जातो. जिथे मेल चालतो तिथे एक पीडीएफ सीव्ही, एका पानाचं कव्हर लेटर, बस्स. एकाच मेलमध्ये दहा फर्मांचे पत्ते टाकणं आणि कव्हर लेटरमध्ये दुसऱ्याच फर्मचं नाव राहणं, या दोन चुकांवर अर्ज वाचलाच जात नाही. दहा-बारा दिवसांनी एक आठवण करा. दुसरी करू नका.

सीव्हीत 'रिसर्च आणि ड्राफ्टिंग केलं' हे वाक्य काढून टाका. अंबडच्या कंपनीत पुरवठा करार तपासले असतील तर किती, कोणत्या कलमांवर शेरे मारले, ते लिहा. कंपनीचं किंवा समोरच्या पक्षाचं गोपनीय नाव येऊ देऊ नका. ज्याला गुप्तता पाळता येत नाही त्याला डेटारूमचा, म्हणजे सौद्याची गोपनीय कागदपत्रं ठेवलेल्या ऑनलाइन जागेचा, पासवर्ड कोण देणार?

इन्स्ट्रक्टेडबाय

तुलनेबद्दल. फर्म ही एकच वस्तू आहे असं धरून चाललात तर तुलना होणारच नाही. तुम्ही टीममध्ये जाता, फर्ममध्ये नाही. एकाच इमारतीत कॅपिटल मार्केट्सची (आयपीओसारख्या कामांची) टीम पहाटे तीनला प्रिंट काढत असते आणि रिअल इस्टेटची टीम सात-बारा वाचत असते. दोघांचे पार्टनर वेगळे, शिकवण्याची पद्धत वेगळी.

चेंबर्स किंवा लीगल ५०० या फर्मांचे क्रम लावणाऱ्या निर्देशिका बघायच्या तर त्यातले प्रॅक्टिसनिहाय बँड (श्रेणी) बघा. हे क्रम फर्मांनी स्वतः पाठवलेली माहिती आणि त्यांनीच सुचवलेल्या ग्राहकांचे अभिप्राय यांच्या आधारावर ठरतात. वाईट नाहीत, पण आंधळा विश्वासही नको. व्यवहारांच्या लीग टेबलमध्ये (सौद्यांच्या रकमेवरून लावलेल्या क्रमात) तर एका सौद्यावर असलेल्या प्रत्येक फर्मच्या खात्यात सौद्याची पूर्ण रक्कम धरली जाते. त्यात छोट्या पक्षाची बाजू सांभाळणारी फर्मही आली.

त्यापेक्षा फुकटातले दोन स्रोत आहेत. सेबीच्या साइटवर आयपीओचे मसुदे, म्हणजे डीआरएचपी, पडलेले असतात. त्यातलं 'जनरल इन्फर्मेशन' प्रकरण उघडा. कंपनीचे कायदेशीर सल्लागार कोण आणि लीड मॅनेजरचे (आयपीओ हाताळणाऱ्या मर्चंट बँकेचे) कोण, नावासकट दिलेलं असतं. गेल्या वर्षभरातले वीस मसुदे उघडलेत की कोणती फर्म कोणत्या बाजूने आणि कोणत्या आकाराचं काम करते याचा तक्ता तुमचा तुम्हालाच तयार होईल. दुसरा स्रोत मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश. ओरिजिनल साइडच्या (जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात) आदेशात कौन्सिलच्या, म्हणजे युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या, नावापुढे 'आय/बी' असं येतं, म्हणजे इन्स्ट्रक्टेड बाय, आणि पुढे फर्मचं नाव. कमर्शियल दावे आणि लवाद कायद्याच्या कलम ९, ११, ३४ च्या अर्जांत कोण दिसतं ते बघा. जी फर्म वेबसाइटवर 'अग्रगण्य डिस्प्युट्स (वाद-खटल्यांची) प्रॅक्टिस' म्हणते आणि आदेशांत वर्षभर सापडत नाही, तिच्याबद्दल मुलाखतीत एक नम्र प्रश्न विचारता येतो.

वयही बघा, पण त्याला फार किंमत देऊ नका. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, खेतान १९११ ची, ट्रायलीगल २००० ची. अमरचंद मंगलदास १९१७ ची, २०१५ मध्ये तिच्या सिरिल आणि शार्दूल अशा दोन वेगळ्या फर्मा झाल्या. जुन्या सॉलिसिटर फर्मांत मालमत्ता, ट्रस्ट, वारसा यांचं काम अजून भरपूर आहे आणि ते शिकवणारी ठिकाणं कमी उरलीत.

गंगापूररोडकर

हे दोन्ही स्रोत डोक्यातही आले नव्हते, धन्यवाद. आर्टिकलशिपबद्दल कुणी सांगेल का? आणि मुलाखतीत नक्की काय विचारतात?

फोर्टचाजिना

आर्टिकलशिप म्हणजे बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीकडे नोंदवलेल्या करारानुसार सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आणि मग सोसायटीची परीक्षा. कायद्याने याची सक्ती नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ॲडव्होकेट्स ॲक्टमधून अॅटर्नी (म्हणजेच सॉलिसिटर) हा वेगळा वर्ग गेला, आज सॉलिसिटरही कायद्याच्या नजरेत ॲडव्होकेटच. तरी मुंबईत या शब्दाला वजन आहे, विशेषतः कन्व्हेयन्सिंग (मालमत्ता हस्तांतराचे दस्त) आणि टायटल (मालकी हक्क) तपासणीत. मालमत्तेच्या कामात राहायचं असेल तर करा. विलीनीकरण आणि प्रायव्हेट इक्विटीच करायचं असेल तर तीच वर्षं असोसिएट म्हणून काढलेली बरी. फर्ममध्ये बसण्याआधी करार सोसायटीकडे नोंदवला गेलाय याची खात्री करा. आर्टिकल क्लार्क म्हणून राबवून घेतात, पण नोंदणी राहून जाते, असं व्हायला नको.

डेटारूम

फोर्टचाजिना यांच्याशी थोडा मतभेद. परीक्षेच्या तयारीत करार, मालमत्ता, कंपनी कायदा पुन्हा मुळापासून होतो आणि त्याचा फायदा कॉर्पोरेट टीमलाही होतो. पण एकाच वेळी सौदे आणि अभ्यास, हे दोन्ही झेपणारे थोडे, हेही खरंच.

सातपूरकर

मुलाखतीआधी एक गोष्ट नाशिकमध्ये बसून होण्यासारखी आहे आणि ती कुणी करत नाही. कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात एक महिना काढा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचं फायलिंग सांभाळणारी अशी ऑफिसं शहरात बरीच आहेत. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षी जे ड्यू डिलिजन्स (सौद्याआधी कंपनीच्या कागदपत्रांची तपासणी) करायला लावतात, त्याचं अर्धं काम हेच.

सरावासाठी एक खाजगी कंपनी निवडा आणि एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर १०० रुपये भरून तिची सार्वजनिक कागदपत्रं बघा. प्रायव्हेट प्लेसमेंटने (निवडक लोकांना ऑफर देऊन) शेअर्स दिले असतील तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ ची साखळी जुळते का तपासा. विशेष ठराव, तो नोंदवण्याचा फॉर्म एमजीटी-१४, पीएएस-४ चं ऑफर लेटर, पैसे वेगळ्या बँक खात्यात, पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप, वाटपापासून १५ दिवसांत पीएएस-३ (वाटपाचा फॉर्म). पीएएस-३ दाखल होईपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे, तेही चुकलं तर १२ टक्के व्याज. यातले ठरावासारखे अंतर्गत कागद साइटवर सुटे मिळतीलच असं नाही, फॉर्मच्या जोडपत्रांत शोधावे लागतात. मग सगळ्या पीएएस-३ मधली संख्या बेरीज करून एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र) मधल्या भागधारकांशी ताडा. बेरीज जुळली नाही तर मधलं हस्तांतर, बायबॅक किंवा चुकलेला फॉर्म यांपैकी काहीतरी आहे. नवखा ट्रेनी इथे 'तफावत आढळली' एवढंच लिहून मोकळा होतो. टीमला हवं असतं: तफावत किती, कोणत्या तारखेपासून, कोणता कागद मागवायचा, आणि सौदा पूर्ण होण्याआधी दुरुस्त व्हायला हवं की इन्डेम्निटी (नुकसान भरून देण्याची हमी) घेऊन चालेल.

इन्स्ट्रक्टेडबाय

मुलाखतीतही हाच पोत असतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट कोळून प्या. कलम २७: नोकरी सोडल्यावरची स्पर्धाबंदी का टिकत नाही आणि धंद्याच्या गुडविलच्या विक्रीत का टिकते. कलम ७३ आणि ७४: करारात ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा, वाजवी भरपाई न्यायालय ठरवणार. इंग्लिश कायद्यातला पेनल्टी (दंड) आणि लिक्विडेटेड डॅमेजेसचा (आधीच ठरवलेल्या भरपाईचा) भेद आपल्या कलमाने पुसलाय. कलम १२४ ची इन्डेम्निटी भरपाईच्या दाव्यापेक्षा वेगळी कशी. कॉर्पोरेट टीमला टेकओव्हरचे २५ टक्के आणि २६ टक्के वेगळे सांगता आले पाहिजेत: पहिल्यावर ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांचे शेअर्स घेण्याची जाहीर ऑफर) लागू होते, दुसरी ती ऑफर किमान किती शेअर्ससाठी हवी ते. इन्सॉल्व्हन्सी (दिवाळखोरी) टीमला किमान थकबाकी एक कोटी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ७ व ९ मधला फरक. डिस्प्युट्सला कमर्शियल कोर्ट्स ॲक्टचं कलम १२-ए, तातडीचा दिलासा मागितला नसेल तर दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची.

उत्तर येत नसेल तर 'कोणत्या कायद्यात आणि कुठे शोधेन' हे सांगा. ठोकून देणारा उमेदवार ग्राहकासमोरही ठोकून देईल, हे पार्टनर ओळखतो.

गंगापूररोडकर

शेवटचं: पैसे आणि राहणं. इंटर्नशिपपुरतं पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन जमेल का? आणि अर्जात टीमचा पसंतीक्रम द्यावा का?

फोर्टचाजिना

पंचवटीने नाही जमणार. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडून सीएसएमटीला पोचेपर्यंत साडेदहा उलटून जातात. फर्मचं ऑफिस लोअर परळला असेल तर दादरला उतरून थोडं लवकर पोचाल, बीकेसीचंही (वांद्रे-कुर्ला संकुल) तेच. पण खरी अडचण संध्याकाळची आहे. परतीची गाडी सहाच्या सुमारास निघते आणि इंटर्नला खरं काम त्याच वेळी येतं. महिन्यापुरती पीजीची सोय बघा. स्टायपेंड मिळणार का, किती आणि कधी, हे ऑफरच्या मेलला उत्तर देताना विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

नोकरीच्या ऑफरची तुलना करताना फक्त महिन्याचा आकडा बघू नका. बऱ्याच फर्मा असोसिएटला पगार देत नाहीत, व्यावसायिक शुल्क देतात. १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ आणि ग्रॅच्युइटी नाही. बोनस निश्चित की मर्जीवर, नोटीस किती महिन्यांची, सनद आणि बार परीक्षेच्या काळात काय पदनाम, हे तीन प्रश्न लिहून घ्या. सनदेचं शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यावर कुणी जास्तीचे पैसे मागितले तर पावती मागा.

डेटारूम

पसंतीक्रम द्या, पण दोनच, आणि महिन्याशी जुळणारे. मेमध्ये उच्च न्यायालयाला सुट्टी, डिस्प्युट्स मागितलं तर बराच वेळ रिसर्च नोटमध्ये जाईल. कॅपिटल मार्केट्स हवं असेल तर सप्टेंबर मागा. ऑफर डॉक्युमेंटमधले हिशेब सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत, त्यामुळे मार्चचे आकडे घेऊन मसुदे दाखल करण्याची धावपळ सप्टेंबरअखेरीस असते. तेव्हा इंटर्नलाही खरं काम मिळतं आणि असेसमेंट करणाऱ्याला तुमचं काम प्रत्यक्ष दिसतं. फक्त कॉलेजची हजेरी तेवढी आधी भरून ठेवा.