सी १३ वाजवताना कोणते स्वर ठेवावेत आणि कोणते गाळावेत?

पेटीवादक_ठाणे
नमस्कार. मी ठाण्यात भजनांना पेटीची साथ करतो आणि अलीकडे पियानो शिकू लागलो आहे. पांढरी एक (सी) हा षड्ज धरला तर सी ७ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सा, ग, प आणि कोमल नी अशी होते, आणि सी ९, ११, १३ मध्ये त्यावर वरचे रे, म, ध क्रमाने चढतात, एवढे समजले. मात्र सातही स्वर एकत्र दाबले की नुसता गलबला ऐकू येतो. वादक हे सारे स्वर खरोखर वाजवतात का? नसल्यास काय गाळायचे, हे कशावरून ठरवावे?

वाशीकर
सातही स्वर सहसा कोणी वाजवत नाही. ते ओळीने लावले तर पूर्ण खमाज थाट होतो, आणि अख्खा थाट एकदम दाबल्यावर कॉर्डची ओळख पुसली जाते. ती ओळख शुद्ध गंधार आणि कोमल निषाद यांच्यात आहे. त्यांच्यातील सहा अर्धस्वरांच्या अंतरामुळे निर्माण होणारा ताण, गंधार मध्यमावर चढला आणि निषाद धैवतावर उतरला की सुटतो, आणि आपण एफच्या, म्हणजे मध्यमाच्या, कॉर्डवर पोहोचतो. म्हणून हे दोन स्वर राखावेत. पंचम सर्वप्रथम गाळावा, कारण तो षड्जाला बळ देण्यापलीकडे फारसे काही करत नाही. शुद्ध मध्यमही गाळावा. खाली गंधार असताना तो वर आला की कानाला बोचतो, आणि आपल्याला जाणवणारा गलबला मुख्यतः याच जोडीचा असावा.

डाव्या हातात मंद्र सा आणि मंद्र कोमल नी, उजव्या हातात मध्य ग, मध्य ध आणि तार रे, असे वाजवून पाहा. मग डाव्या हाताने मंद्र म आणि मंद्र ध घ्या, उजव्या हातातला ग तसाच धरून ध पंचमावर आणि रे तार षड्जावर उतरवा. ही एफ मेजर ९ झाली. बोटे किती थोडी हलतात, याकडे लक्ष द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

ऐरोलीतील_विद्यार्थिनी
साथीला बेस गिटार असेल तर षड्जही सोडता येतो. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या वादनात अशी मांडणी विपुल ऐकायला मिळते. एकाच हाताने मंद्र कोमल नी, मध्य रे, म, ध धरा. बेसवर जी (पंचम) असताना ही जी मायनर ९ आहे. त्यातला फक्त म गंधारावर उतरवला की, बेसवर सी येताच, सी १३ तयार होते. मला तरी ही कॉर्ड येथूनच उमगली.

पेटीवादक_ठाणे
मनःपूर्वक आभार. मग सी ११ मध्ये मध्यमाचे काय करायचे?

वाशीकर
तेथे गंधार गाळतात. डाव्या हातात सा आणि उजव्या हातात कोमल नी, रे, म घ्या. आवाज मोकळा येतो. गंधार हवाच असेल तर मध्यम तीव्र करावा, म्हणजे कर्नाटक पद्धतीतील ६४व्या मेळाचे (थाटासारख्या स्वररचनेचे), वाचस्पतीचे, स्वर हाती येतात. एफ मायनरकडे जायचे असेल तेव्हा रे आणि ध कोमल घ्यावेत, कारण ते दोन्ही स्वर त्या मायनर स्केलमध्येच आहेत. आधी पांढरी एकवर हात बसू द्या, मग प्रत्येक वेळी मध्यमाला नवा षड्ज मानून बाराही पट्ट्यांतून हेच वाजवा.