आवाज येतो, पण चित्र काळं

जात्यावरची_ओवी:
आजी दळताना ओव्या म्हणते, तो व्हिडिओ मामेभावाने आयफोनवर काढला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये लावला की आजीचा आवाज, जात्याची घरघर सगळं स्वच्छ. पडदा मात्र काळाकुट्ट. कॅश साफ केली, ब्राउझर अपडेट केला, फरक शून्य. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नीट दिसतो. खुंट्यावरचा तिचा हात सगळ्या नातवंडांनी बघावा असं फार वाटतं. काय करू?

कोकणकडा:
व्हीएलसीत दिसतो म्हणजे फाइल धड आहे. २०१७च्या आयओएस ११पासून बरेच आयफोन एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत चित्रण करतात. आवाज एएसी या ऑडिओच्या पद्धतीत असतो, तो ब्राउझर वाजवतो. चित्र उलगडणं त्याला जमत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ या जुन्या, ब्राउझरला जमणाऱ्या पद्धतीची एमपी४ फाइल करून घ्या. मूळ फाइल अजिबात पुसू नका, रूपांतरात थोडा दर्जा जातोच.

रात्रपाळी:
भावाला सांगा: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कंपॅटिबल’. पुढचे व्हिडिओ थेट चालतील.

जात्यावरची_ओवी:
जमलं! खूप खूप आभार. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वरही टिक केलं, त्यामुळे पूर्ण डाउनलोड व्हायच्या आतच व्हिडिओ सुरू होतो. गावच्या नेटवर तेच हवं होतं.