मदत हवी आहे: गोव्याहून अंदमान, सहा रात्री, बोट आणि मुक्काम कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी. फोंड्याहून जानेवारीत पाचजण निघतोय, बरोबर सत्तरीची आई आणि आठ वर्षांचा मुलगा. मोपा विमानतळाहून चेन्नई किंवा बेंगळुरूमार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घेणार, कारण वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

मुक्काम असे धरलेत: पोर्ट ब्लेअर १, स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक ३, शहीद द्वीप म्हणजे नील १, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी बोट ठेवलेली नाही. नीलला एकच रात्र पुरेल का? तिथे दोन करून हॅवलॉकची एक कमी केली तर?

खरी अडचण हॅवलॉकच्या खोलीची आहे. राधानगर किनाऱ्याची वाळू सुंदर, पण बोटीच्या धक्क्यापासून बरीच लांब. विजयनगर, गोविंदनगर जवळ पडतं, मात्र ओहोटीला तिथे खडक उघडे पडतात आणि मुलाला पोहता येत नाही. आईला जिने चढवत नाहीत, तळमजलाच हवा. कोणता भाग घ्यावा?

आणखी एक, खाजगी बोटीत आईला कमी हेलकावे बसतील अशी जागा कुठली, मधली की मागची? सरकारी बोटीचं तिकीट किती दिवस आधी मिळतं? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.