फ्लॅप सर्जरीनंतर एमआरआयमध्ये गाठ दिसली. बायोप्सी करावी की ६ महिने थांबावं? (मदत हवी आहे)

दीड वर्षापूर्वी ब्रेस्ट कॅन्सरमुळे माझी डाव्या बाजूची मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) झाली. त्याच ऑपरेशनमध्ये पोटावरची त्वचा आणि चरबी घेऊन नवा स्तन केला (डीआयईपी फ्लॅप). इम्प्लांट नाही, रेडिएशन लागलं नाही, टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची हार्मोनची गोळी) चालू आहे.

गेल्या महिन्यात अंघोळ करताना फ्लॅपच्या वरच्या कडेला मण्याएवढं कडक काहीतरी बोटाला लागलं. बोटाला गाठ कळते, पण तिथल्या त्वचेला बोट कळत नाही, कारण ती अजून बधिरच आहे. त्यामुळे 'दुखतं का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं तेच मला कळेना.

सोनोग्राफीत नक्की काही सांगता आलं नाही म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये ११ मिमीची गाठ आहे, मध्ये चरबी, कडेने कॉन्ट्रास्ट (एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं औषध) घेणारी पातळ रिंग. फॅट नेक्रोसिसची शक्यता जास्त, बायरॅड्स (स्तनाच्या तपासणीत कॅन्सरचा संशय किती ते सांगणारी श्रेणी) ३, ६ महिन्यांनी पुन्हा तपासा, असं लिहिलंय. फ्लॅपच्या कडेला रक्तपुरवठा कमी पडला की तिथली चरबी मरून घट्ट होते, हे सर्जननी समजावलं. बायरॅड्स ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हेही सांगितलं.

पण खाली आणखी एक ओळ आहे: छातीच्या हाडालगत ५ मिमीचा लिम्फ नोड (लसिका ग्रंथी; कॅन्सर पसरला तर अशा ग्रंथीत जाऊ शकतो). ही ओळ मला झोपू देत नाही. फ्लॅपच्या रक्तवाहिन्या तिथेच जोडल्या होत्या, त्यामुळे तो नोड सुजलेला दिसत असेल का? तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त 'ब्रेस्ट कॅन्सर, फॉलोअप' एवढंच होतं, फ्लॅपचा उल्लेखच नव्हता. ऑपरेशनचे कागद मी नंतर नेऊन दिले. तुम्हीही तपासणीला जाताना ते सोबत ठेवाच.

कॅन्सर सर्जन थांबा म्हणतात. प्लास्टिक सर्जन म्हणतात, एवढी काळजी वाटत असेल तर गाठीची सुईने बायोप्सी करून मोकळ्या व्हा. माझा कल बायोप्सीकडे आहे. काल रात्री नवऱ्याने झोपेत माझा हात त्या गाठीवरून बाजूला केला. असे ६ महिने मला निघणार नाहीत.

फ्लॅपनंतर कुणाला फॅट नेक्रोसिस निघालं होतं का? बायोप्सीनंतर फ्लॅपला काही त्रास झाला? आणि त्या नोडचं तुमच्या डॉक्टरांनी काय केलं, नुसतं लक्ष ठेवलं की आणखी तपासण्या सांगितल्या? गुरुवारी दोन्ही डॉक्टरांना भेटायचंय, त्याआधी लिहिलंत तर त्यांना नीट विचारता येईल.