फ्रँक रिचर्ड्स ‘कारखाना’ होता म्हणे!

शाईचा डाग
काल ‘खडूस मास्तर’ यांनी चार ओळींत निकाल लावला. ग्रेफ्रायर्स या काल्पनिक इंग्रजी निवासी शाळेच्या कथा म्हणजे ठोकळेबाज माल, फ्रँक रिचर्ड्स हा माणूस नसून कंपनीचा शिक्का, जॉर्ज ऑर्वेलने १९४० मध्येच त्याचं पितळ उघडं पाडलं, आणि त्यातला हिंदुस्थानी पोरगा हरी सिंग मराठीत आणणं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी ‘शिक्क्या’चं बघू. फ्रँक रिचर्ड्स म्हणजे चार्ल्स हॅमिल्टन. जन्म १८७६, ईलिंग. मृत्यू २४ डिसेंबर १९६१, केंटमधलं किंग्जगेट. ग्रेफ्रायर्सच्या कथा छापणाऱ्या ‘मॅग्नेट’ साप्ताहिकासाठी तो फ्रँक रिचर्ड्स, ‘जेम’ या दुसऱ्या साप्ताहिकासाठी मार्टिन क्लिफर्ड, रूकवुड या आणखी एका शाळेच्या कथांसाठी ओवेन कॉन्क्वेस्ट. टोपणनावं वीसच्या वर, पण डोकं एक आणि टंकयंत्र एक. ‘मॅग्नेट’ची गोष्ट साधारण २० हजार शब्दांची. दर आठवड्याला ती द्यायची, जोडीला ‘जेम’ची, आणि १९१५ पासून रूकवुडही. आयुष्यभराचं लेखन सुमारे १० कोटी शब्द, असा अंदाज अभ्यासक देतात. साठ वर्षांत वाटून बघा: सुट्टी न घेता रोज साडेचार हजार शब्द.

ऑर्वेलचं म्हणणं काय होतं? ‘होरायझन’ मासिकाच्या मार्च १९४० च्या अंकात त्याने लिहिलं की वर्षानुवर्षं दर आठवड्याला हे सगळं एकच माणूस लिहीत असणं शक्य नाही, म्हणूनच शैली कुणालाही नक्कल करता येईल अशी ठेवलेली आहे. मे महिन्याच्या अंकात हॅमिल्टनने उत्तर दिलं. माझ्या माहितीप्रमाणे मी एकच इसम आहे, दोन किंवा तीन कधीच नव्हतो, अशा थाटात. त्याच मे महिन्यात, १८ तारखेला, कागदटंचाईमुळे ‘मॅग्नेट’ बंद पडलं. अंक क्रमांक १६८३.

आणि ‘ठोकळेबाज’ म्हणताना व्हार्टनच्या बंडाच्या मालिका वाचल्यात का? पहिली १९२४-२५ ची, दुसरी १९३२-३३ ची. वर्गनायक व्हार्टन आणि वर्गशिक्षक क्वेल्च, दोघंही मुळात सरळ आणि दोघंही हट्टी. एक गैरसमज होतो, माघार कुणीच घेत नाही, आणि आठवड्यामागून आठवडे मुलगा घसरत जातो. खलनायक कुणीच नाही. शिक्का मारून असली गोष्ट निघत नाही.

खडूस मास्तर
एवढी कळकळ ग्रेफ्रायर्सच्या त्या खादाड बंटरलासुद्धा केकबद्दल वाटली नसेल.

ऑर्वेलचा एक मुद्दा चुकला म्हणून बाकीचे पाच आपोआप पडत नाहीत. या गोष्टी १९१० मध्ये गोठल्या आहेत, हे त्याचं म्हणणं खोटं आहे का? १९०८ ते १९४०, बत्तीस वर्षं पोरं त्याच ‘रिमूव्ह’ वर्गात. मधे एक महायुद्ध, बेकारी, संप, हिटलर, आणि इथे पेच काय, तर बंटरची पोस्टल ऑर्डर आली का? परदेशी माणूस दिसला की हसायचं, उमराव दिसला की कमरेत वाकायचं. हॅमिल्टनचं उत्तर तर अधिकच थोर: परदेशी लोक विनोदी असतातच, आणि उमराव सामान्यांपेक्षा बरे असतात! ही वकिली तुम्हाला मान्य असेल तर बोलणं खुंटलं.

शाईचा डाग
उत्तराचा तेवढाच तुकडा उचलायचा आणि उरलेला गाळायचा. ज्या पोराच्या नशिबी उद्या बेकारी आहे त्याला आजच रडवून काय साधणार, असं तो विचारतो. हे पटो वा न पटो, पण हा बिनडोक माणसाचा प्रश्न नाही.

दोन नंबरचा बाक
दोघांनीही आकडे अर्धेच दिलेत. ‘मॅग्नेट’च्या १६८३ अंकांपैकी हॅमिल्टनच्या कथा १३८०. उरलेल्या ३०३ बदली लेखकांच्या, त्याही ‘फ्रँक रिचर्ड्स’ याच नावाने छापलेल्या. म्हणजे ‘एकच इसम’ हे हॅमिल्टनपुरतं खरं, अंकावरच्या नावापुरतं नाही. ऑर्वेल साधारण १८ टक्के बरोबर म्हणा.

बदलीची गोष्ट ओळखता येते. हॅमिल्टनचा बंटर खोटं बोलतो ते थरावर थर चढवत: आधी केक पाहिलाच नाही, मग पाहिला पण खाल्ला नाही, मग खाल्ला पण तो शिळाच होता. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा गळा कापतं आणि पठ्ठ्याला पत्ता नसतो. बदलीवाल्यांचा बंटर नुसता हावरट आणि जाडा. विनोद पोटावर, जिभेवर नाही. नक्कल सोपी असती तर हा फरक दिसला नसता. एवढ्यापुरती शाईच्या डागाची बाजू घेतो, नाइलाजाने.

मधली सुट्टी
शाळाकथा म्हटलं की बंटर, आणि बंटर म्हटलं की ऑर्वेल. मुलींच्या शाळाकथा लिहिणाऱ्या बायका कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. एलिनॉर ब्रेंट-डायरची शॅले स्कूल मालिका १९२५ ते १९७० चालली, साठाच्या आसपास पुस्तकं. शाळा ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, तर बाईंनी पुढच्या पुस्तकात शाळाच तिथून हलवली. नाझींच्या तावडीतून मुली पळून जातात. ते पुस्तक १९४० चं, म्हणजे शाळाकथांत हिटलर येत नाही म्हणून ऑर्वेल करवादत होता त्याच वर्षीचं.

आणि तुमच्या हॅमिल्टनने १९१९ मध्ये ‘हिल्डा रिचर्ड्स’ नाव घेऊन बंटरची बहीण बेसी आणली, ‘स्कूल फ्रेंड’ या मुलींच्या साप्ताहिकात. पहिल्या काही कथांनंतर संपादकांनी काम दुसऱ्यांकडे दिलं. मुलगी म्हणजे परकर घातलेला बंटर नव्हे, हे संपादकांना कळलं, दहा कोटी शब्दवाल्याला नाही.

खडूस मास्तर
टाळ्या.

शाईचा डाग
ऑर्वेल तिथे मुख्यतः मुलांच्या दोन पेन्यांच्या साप्ताहिकांबद्दल लिहीत होता, पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांबद्दल नाही. शॅले स्कूल तिथे लागू होत नाही. बेसीचं मात्र मान्य. ती फसलीच.

पेरूची फोड
कुणी हरी सिंगकडे येणार आहे का? मास्तरांचा मूळ आक्षेप तोच होता. नाव बघा: हरी जमसेट राम सिंग, भानीपूरचा नवाब. हरी आणि राम हिंदू, जमसेट पारशी, सिंग रजपूत नाहीतर शीख, किताब मुसलमानी. एवढा सर्वधर्मसमभाव आपल्या निवडणुकीच्या पोस्टरवरही सापडायचा नाही.

पण मला या गोष्टींचं मराठी करायचं आहे, त्यामुळे माझी अडचण वेगळी. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं नाही. तो अस्खलित बोलतो, फक्त शब्दांना नको तिथे ‘-फुलनेस’ची शेपटी लावतो, प्रत्येकाला ‘एस्टीम्ड’ म्हणतो, सगळं ‘टेरिफिक’ असतं आणि म्हणी एकमेकींत घुसवतो. मराठीत तीन वाटा दिसतात.
एक, हिंदी वळणाचं मराठी: ‘बंटरला भूक लागून राहिली आहे बहोत.’
दोन, सरकारी मराठी: ‘सदरहू बंटर यांस क्षुधा लागल्याचे निदर्शनास येत आहे.’
तीन, फुगवलेलं मराठी: ‘मान्यवर बंटरची भुकेलेपणीयता भयंकर आहे.’

अर्धविराम
पहिली वाट सरळ चूक. ते वैदर्भी बोलीची टवाळी वाटेल, आणि तिकडचे वाचक तुम्हाला सोडणार नाहीत. दुसरी वाट दोन पानं हसवते, तिसऱ्या पानावर तलाठ्याचा दाखला वाचल्यासारखी लागते. तिसरीच घ्या, पण वाक्यात एकच शब्द फुगवा, बाकी वाक्य साधं ठेवा. सगळेच शब्द फुगवले की फुगवटा दिसेनासा होतो.

म्हणींसाठी जोड अशी हवी की दोन्ही अर्धे लगेच ओळखता यावेत. ‘नाचता येईना, द्राक्षं आंबट.’ चालेल. ‘उथळ पाण्याला चिमटीत धरता येत नाही’ चालणार नाही, कारण दुसरा अर्धा भाग म्हण म्हणून कुणाला आठवतच नाही.

खडूस मास्तर
धन्य आहे! तुम्ही शेपट्या मोजताय, आणि मूळ गाठ तशीच. मराठी अनुवादात व्हार्टन, चेरी, नुजंट, बुल हे चार गोरे शुद्ध मराठी बोलणार, आणि त्यांच्या पाच जणांच्या टोळीतला एकमेव हिंदुस्थानी तेवढा बावळट मराठी बोलणार. आपल्याच भाषेत आपल्याच माणसाला परका करायचं. मूळ पुस्तकाने केला नसेल तेवढा अपमान तुमचा अनुवाद करेल.

पेरूची फोड
…हे मात्र खरं आहे. तुमच्याकडून आलं याचा त्रास होतोय.

शाईचा डाग
हरी सिंग नुसता विदूषक नाही, हे कुणी बोलतच नाही. तो पाच जणांच्या टोळीत बरोबरीने आहे, संघातला उत्तम गोलंदाज आहे, आणि त्याच्या रंगावरून कुणी तोंड सोडलं तर कथेत त्या तोंडाला मार पडतो. १९०८ च्या इंग्रज पोराला हिंदुस्थानी राजपुत्र म्हटलं की रणजी आठवणार. रणजीने १८९६ मध्ये पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ केल्या होत्या आणि १९०७ मध्ये तो नवानगरचा जामसाहेब झाला. ‘जमसेट’मधला ‘जाम’ मला तिथलाच वाटतो. हा माझा तर्क, पुरावा मागू नये.

खडूस मास्तर
राजा असल्यामुळे रुबाबही आणि बाबू इंग्रजीमुळे हशाही, ही दुहेरी सोय ऑर्वेलने नेमकी पकडली होती. तुम्ही तीच सोय गुण म्हणून मांडताय. भानीपूरच्या नवाबाऐवजी भानीपूरच्या कारकुनाचा पोरगा असता, तर घेतला असता का टोळीत?

शाईचा डाग
नसता घेतला. बस? पण फी भरणाऱ्यांच्या निवासी शाळेत इंग्रज कारकुनाचा पोरगाही अपवादानेच असायचा. खुद्द हॅमिल्टन असल्या शाळेत गेला नव्हता, तो साध्या दिवसाच्या खासगी शाळांत शिकला. बाहेरून काचेला नाक लावून बघणाऱ्या पोरांसाठी तो लिहीत होता. हे समजून न घेता नुसते दगड मारायचे असतील तर मारा.

कागद दाखवा
अनुवादाचा विषय निघालाच आहे तर शेपट्यांच्या आधी हक्क बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. हॅमिल्टनचा मजकूर भारतात २०२१ अखेर मोकळा झाला. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, म्हणजे २०३१ अखेर. ई-पुस्तक काढून तिकडे विकलंत तर फसाल.

दोन खड्डे आहेत. पहिला चित्रांचा. बंटरची ती चौकड्यांची विजार चित्रकार सी. एच. चॅपमनने काढली, आणि तो गेला १९७२ मध्ये. त्याची चित्रं इथेसुद्धा २०३२ अखेरपर्यंत वापरता येणार नाहीत. नवी काढून घ्या. दुसरा खड्डा त्या ३०३ अंकांचा: तिथे प्रत्येक बदली लेखकाचा मृत्यू वेगळा मोजावा लागेल. म्हणून कथा निवडताना आधी तिचा खरा लेखक तपासा, नुसत्या ‘फ्रँक रिचर्ड्स’ नावावर जाऊ नका. १९६९ पासून हॉवर्ड बेकर या प्रकाशकाने जुन्या अंकांच्या जशाच्या तशा प्रती बांधून काढल्या. मजकुरासाठी त्या धरा, साठच्या दशकातल्या कापलेल्या स्वस्त आवृत्त्या नको.

मधली सुट्टी
शॅले स्कूलची बाई १९६९ ला गेली. २०३० पासून तीही मोकळी. सांगून ठेवते.

दोन नंबरचा बाक
१९२६ च्या मालिकेत ही पोरं हिंदुस्थानात येतात. अनुवाद तिथून सुरू करू नका. मास्तरांची गाठ तिथे सगळ्यात घट्ट आहे.

अर्धविराम
त्या गाठीवर एक तोडगा सुचतो. इंग्रजीत सगळे ‘यू’, मराठीत मात्र तू, तुम्ही, आपण. बाकीच्या पोरांत अरेतुरे आणि आडनावाने हाका, ते आपल्या शाळांत चालतंच. क्वेल्चनेही ‘व्हार्टन, उभा राहा’ म्हणायचं. फक्त हरी सिंगने सगळ्यांना, अगदी बंटरलासुद्धा, ‘आपण’ म्हणायचं. ‘आपली भुकेलेपणीयता भयंकर आहे, मान्यवर बंटर.’ म्हणजे तो बावळट ठरत नाही. उलट त्या घोळक्यात रीतभात असलेला तो एकटाच, आणि हसं होतं ते ‘आपण’ ऐकून फुगणाऱ्या बंटरचं.

पेरूची फोड
हे जमेल! फक्त भांडणाच्या प्रसंगात काय करायचं? तिथेही ‘आपण’?

खडूस मास्तर
तिथे तर हवंच. ‘आपल्या नाकावर ठोसा देण्याची अनुमती असावी.’ अनुवाद करू नका हे माझं मत कायम आहे, पण करणारच असाल तर ‘भुकेलेपणीयता’तला ‘पण’ काढा. ‘भुकेलीयता’ पुरे. ‘पण’ आणि ‘ता’ दोन्ही लावलेत तर वाचक त्याला मुद्रणदोष समजतील.

अर्धविराम
दोन्ही लावण्यातच गंमत आहे. ‘भुकेलीयता’ वाचून भुकेल्या बाईचं नाव वाटतं.